मोगलाईतलं बाळंतपण

वाईच्या लोकांना वऱ्हाड म्हणजे परदेशच. निजामाचा तो मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली येऊन नऊ-दहा वर्षं झाली होती, तरी कृष्णेच्या घाटावर त्याचं नाव मोगलाईच होतं. मोरोपंतांनी अमरावतीला जाऊन वकिली करायचं ठरवलं, तेव्हा सत्यवतीच्या आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि काशीला गेलेली माणसं परत येतात, मोगलाईत गेलेली येत नाहीत, असं म्हणून डोळ्याला पदर लावला.

मोरोपंतांचा हिशेब वेगळा होता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतलं बोंड सोन्याच्या भावानं उचललं जात होतं. जिथे कापूस तिथे व्यापारी, जिथे व्यापारी तिथे करारमदार, आणि करार आला की मागोमाग भांडण आलंच. वाईत एका भांडणावर तीन वकील टपलेले असत. अमरावतीत म्हणे वकिलाच्या दारात माणसं पहाटेपासून बसतात. सत्यवती तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी ती नको म्हणाली नसती. नवं गाव पाहायची तिला मनातून ओढ होती.

ती ओढ वाटेतच जिरली. नगर, जालना, मेहकर असा महिनाभराचा बैलगाडीचा प्रवास. घरून निघाली तेव्हा तिला नुकते दिवस गेले होते आणि ते तिचं तिलाही पक्कं ठाऊक नव्हतं. मेहकरच्या अलीकडे रस्ता असा नव्हताच. दगडांवरून चाक चढायचं आणि धाडकन उतरायचं. मेहकरच्या धर्मशाळेत तिचं सगळं संपलं. एका अनोळखी म्हातारीनं आवराआवर केली आणि जे काही होतं ते कापडात गुंडाळून कुठेसं नेऊन पुरलं. दोन दिवसांनी गाडी पुन्हा जुंपली. पातूर मागे पडलं, डोंगर संपले आणि समोर सपाट, काळी जमीन पसरली, तेव्हा मोरोपंत उत्साहानं बोट दाखवत होते. ती नुसती मान हलवत होती. वाईला पाठवलेल्या पत्रात त्यांनी सुखरूप पोचलो एवढंच लिहिलं, कारण तिनंच तसं लिहायला सांगितलं.

अमरावतीत खोलापुरी वेशीच्या आतल्या बाजूला त्यांना दोन खणांचं भाड्याचं घर मिळालं. गावात श्वास घ्यायला जागा नव्हती. कोटाच्या बाहेर गाड्यांच्या रांगा, आत गल्लीगल्लीत रुईचे ढीग. वारा सुटला की कापसाचे पुंजके उडत आणि तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, पिठात, सगळीकडे बसत. उन्हाळ्यात विहिरी तळाला जात आणि घागरभर पाण्यासाठी बायका सकाळपासून खोळंबत. कृष्णेत डुंबलेल्या मुलीला हे तळाचं मचूळ पाणी नुसतं अंगावर घेतानाही जिवावर येई.

आणि बोली! मराठीच होती, पण जणू कुणी शब्दांची मोडणी बदलून ठेवली होती. पलीकडच्या घरातल्या लीलाबाईनं पहिल्याच आठवड्यात भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय करून राहिली वं?" सत्यवतीला वाटलं, कुठे राहते म्हणून विचारतात. तिनं उत्तर दिलं, "इथंच राहते की." लीलाबाई पोट धरून हसली; तिनं काय करते आहेस एवढंच विचारलं होतं. सत्यवतीला राग आला तो हसण्याचा नव्हे, एकेरीचा. वाईत कुणब्याच्या बाईनं वकिलाच्या बायकोला अगं-तुगं केलं नसतं. पुढे तिच्या ध्यानात आलं की इथे जिवाला जीव देतानाही माणसं अशीच बोलतात, आणि भांडतानाही. मग तिनं तो राग सोडून दिला.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं. पुन्हा दिवस गेले. या वेळी बातमी वाईला कळवली, आणि सातवा लागल्यावर ऐन ज्येष्ठात तिचा थोरला भाऊ गाडी घेऊन दारात उभा राहिला. आईनं गाडीत गाद्यांवर गाद्या घातल्या होत्या, वर मऊ दुपटी. ती बिछाईत पाहून सत्यवतीला रडू फुटलं, पण रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं, भावाला जेवायला वाढलं आणि ताट पुढे सारताना शांतपणे सांगितलं, "दादा, मी येणार नाही."

त्याला आधी थट्टा वाटली. मग तो समजावू लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत त्यांच्या घरात आजवर मोडली नव्हती. लोक म्हणतील माहेरच्यांना जड झाली, सासरचे म्हणतील टाकून दिली. मोरोपंतही त्याच्या बाजूनं बोलले. त्यांना आषाढ-श्रावणात अकोल्याला खटल्यांसाठी जावं लागणार होतं, मागे घरात दुसरं माणूस नव्हतं.

सत्यवतीनं दोघांचं ऐकून घेतलं. "पहिलं बाळंतपण म्हणता," ती म्हणाली, "पहिलं मेहकरला धर्मशाळेत झालं. मी तेव्हा कुणाला कळवलं नाही. आता तोच रस्ता, तेच दगड, आणि वर पाऊस तोंडावर आलेला. गादी कितीही जाड घातली तरी चाक दगडावरूनच जातं ना? मी गाडीत पाय ठेवणार नाही."

भावाला हे नवीन होतं. त्यानं हळू आवाजात विचारलं, "पण सत्ये, इथं तुझं आहे कोण?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. "पण दोन महिने हातात आहेत."

चार दिवस राहून भाऊ निघाला. समजूत पटली होती असं नाही, आईला काय तोंड दाखवू या काळजीनं तो निम्मा झाला होता. गाडी मात्र रिकामी गेली नाही. पावसाआधी माल हलवायची सगळ्यांना घाई, गाड्यांची टंचाई. वेशीपर्यंत पोचायच्या आत एका व्यापाऱ्यानं भाव केला आणि आईच्या गाद्यांवर अकोल्यापर्यंतची रुई लादली गेली.

दुसऱ्या दिवसापासून सत्यवती कामाला लागली. गावात देशावरून आलेल्या ब्राह्मणांची तीनच घरं होती. एकात कचेरीतले एकटे कारकून राहत, दुसऱ्यातली बाई माहेरी गेलेली. तिसरं घर कमलाकांतशास्त्र्यांचं. शास्त्री या मंडळींचे उपाध्याय, घर सोवळ्याओवळ्याचं. ती शास्त्रीणबाईंकडे गेली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, मला माणूस नाही, तुम्ही याल का? शास्त्रीणबाईंनी आधी रीत मोडल्याबद्दल चार शब्द सुनावले, पण मग कबूल केलं. दहा दिवसांचं रांधायचं त्या आणि त्यांची सून मिळून पाहतील. सून नवीनच आलेली, सोळा वर्षांची, दाराआडून सत्यवतीकडे टकमक पाहत होती.

मग सुईण. तिच्यासाठी लीलाबाईचं दार ठोठावावं लागलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सत्यवती भिंतीच्या पलीकडे गेली. लीलाबाई चाळिशीची, अंगानं भक्कम, बोलायला फटकळ. तिचे यजमान खुशालराव भातकुलीचे शेतकरी. कापसाचे दिवस पालटले तसे त्यांनी गाड्या वाढवल्या आणि बाजाराजवळ राहायला म्हणून शहरात बिऱ्हाड केलं. सत्यवतीला वाटत होतं ही बाई इथलीच, हिला काय कमी. पण ओसरीवर बसल्यावर कळलं की तिचाही जीव इथे लागत नव्हता. वावर नाही, गोठा नाही, बोलायला भावजया नाहीत. नवरा आणि मुलगे गाड्यांवर, दिवस दिवस घर रिकामं.

"तू देशातून आली म्हून तुले परकं वाटते," लीलाबाई म्हणाली. "मी भातकुलीहून आली, चार कोस, तरी मले वाटते. पोटात घोर कायले ठेवतं? आपण दोघी हाओत ना."

तिनं पार्बताबाई नावाची सुईण आणून दाखवली. बाज, शेक द्यायला गोवऱ्या, जुनं मऊ कापड, बाळंतशोपा, डिंक, सगळं एकेक करून जमलं. बाळंतिणीसाठी विहिरीचं गोडं पाणी आधीपासून रांजणात भरून ठेवायचं हेही लीलाबाईनंच सुचवलं, आणि दोघी मिळून ते भरू लागल्या. त्या पाणवठ्यावर उभं राहता राहता सत्यवती तिथली बोली शिकली. काहून, मले, तुले तिच्या तोंडी बसू लागलं. मोरोपंतांना एकदा ती "जेवून राहिले का?" असं बोलून गेली आणि दोघं किती दिवसांनी खळखळून हसले.

श्रावणात मोरोपंत अकोल्याला गेले. आठवडाभरात परतायचे होते, आणि दिवस भरायला अजून अवकाश होता. पण पावसानं झड धरली. काटेपूर्णा फुगली, वाटेतले नाले चढले, रस्त्याचा चिखल असा की बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतावा. त्यातच शास्त्र्यांच्या घरी निरोप आला की त्यांचे चुलते वारले. घराला सुतक लागलं. शास्त्रीणबाईंना आता दुसऱ्याच्या चुलीपाशी जाता येणार नव्हतं. आणि त्याच दुपारी सत्यवतीच्या पोटात पहिली कळ उठली.

तिनं भिंतीवर बत्त्याचा आवाज केला. लीलाबाई भिजतच आली, मागोमाग पार्बताबाई. पुढचे प्रहर सत्यवतीला नीट आठवत नसत. पावसाचा कौलांवरचा एकसुरी आवाज, लीलाबाईच्या दंडात रुतलेली आपली बोटं, आणि मध्येच आपण मेहकरला आहोत असं वाटून दाटून आलेली भीती, एवढं मात्र पुढे जन्मभर आठवलं. संध्याकाळी मुलगी झाली. सुईणीनं तिला उलटी धरून पाठीवर थापटलं तेव्हा ती अशी तारस्वरात रडली की लीलाबाई म्हणाली, पोरगी वकिलाची शोभते.

खरी परीक्षा पुढे होती. पहिल्या दिवशी दूध, तूपगूळ, केळी यांवर निभावलं. लीलाबाई दारातूनच विचारी, शिवू का, आणू का. ब्राह्मणाच्या घरची शिस्त तिला माहीत होती. पण सत्यवतीच्या अंगातून रक्त बरंच गेलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप आला, दूध पोटात ठरेना, आणि मुलीला पाजायला अंगावर दूध उतरेना. पोर रडून रडून निपचित पडू लागली. आपणच उठून भात टाकावा म्हणून सत्यवती भिंतीला धरत चुलीकडे निघाली आणि उंबऱ्यातच कोसळली.

लीलाबाईनं तिला उचलून बाजेवर घातलं. मग ती समोर उकिडवी बसली. "पाह्य बाई," ती म्हणाली, "तुह्या पोटात अन्न गेलं नाई तर हे लेकरू वाचत नाई, अन् तूही वाचत नाईस. मी मऊ भात करतो. पण मी केला तर तुह्या जातीत काय होईन थे तुले माहीत. आपल्या मनानं सांग. मागून मले बोल नको."

सत्यवतीनं मुलीकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं की हा घास परत फिरत नाही. वाईला कळेल, आईला कळेल. शास्त्री काय म्हणतील, मोरोपंत काय म्हणतील, हे सगळं एका क्षणात तिच्या मनातून गेलं. आणि तरीही विचार करण्यासारखं तिला त्यात काही सापडलं नाही.

"करा," ती म्हणाली. "मीठ जरा जास्त घाला."

तो भात ती तुपाबरोबर जेवली. संध्याकाळी पुन्हा जेवली, दुसऱ्या दिवशी शेपूच्या भाजीबरोबर. ताप उतरला, पान्हा फुटला. पोर चुटुचुटु ओढू लागली.

मोरोपंत चिखलानं माखून घरी पोचले तेव्हा मुलगी आठवड्याची झाली होती. दारातच त्यांना लीलाबाई ताट घेऊन जाताना दिसली. सत्यवतीनं त्यांना बसू दिलं, मुलगी त्यांच्या मांडीवर दिली आणि मग सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, दुसरा काही उपाय होता का. नव्हता, ती म्हणाली. आणि असता तरी शोधत बसायला वेळ नव्हता. ते मुलीच्या मुठी उघडून पाहत राहिले.

सुतक फिटल्यावर शास्त्री स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या कानावर गोष्ट गेली होती आणि त्यांना ती मिटवायची होती. त्यांनी मार्ग सांगितला: तापाच्या ग्लानीत होते, कुणी काय भरवलं ते कळलं नाही असं म्हणायचं, पंचगव्य घ्यायचं, की झालं. बारशाला ते स्वतः येतील. मोरोपंतांच्या चेहऱ्यावर सुटकेची छाया उमटली. ते आत आले आणि त्यांनी हळूच सांगितलं की एवढ्यात भागत असेल तर ते करून टाकावं. परमुलखात आपली म्हणावीत अशी तीनच घरं, तीही तुटली तर कुणाच्या आधारानं राहायचं?

"मला सगळं कळत होतं," सत्यवती म्हणाली. दार उघडं होतं आणि तिनं आवाज खाली आणला नाही. "मी मागून घेऊन जेवले. आता पंचगव्य घेतलं, तर लीलाबाईंनी मला घाण चारली असं होतं. त्या भिंतीपलीकडे राहतात, त्यांना ऐकू येईल. ज्यांच्या आधारानं मी राहिले, त्यांना मी हे ऐकवणार नाही."

शास्त्री उठून गेले. जाताना त्यांनी अपशब्द काढला नाही, पण पुन्हा या घरी येणार नाही हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. मोरोपंत वकील माणूस, दोन्ही बाजू मांडून पाहण्याची सवय; त्या दिवशीही त्यांनी तेच केलं असणार. दिवेलागणीला ते म्हणाले, "बारसं आपण करू. मंत्र मला येतात."

बारशाला देशावरची एकही बाई आली नाही. पण लीलाबाईनं गल्ली गोळा केली, आणि भातकुलीहून तिच्या भावजया गाडी भरून आल्या. त्यांनी म्हटलेले पाळणे सत्यवतीनं कधी ऐकले नव्हते. काही शब्द तर अजूनही कळत नव्हते. वाईहून आईनं लिहिलं होतं, मुलगी झाली तर नाव कृष्णा ठेव. सत्यवतीनं मुलीच्या कानात नाव सांगितलं ते अंबा. ज्या देवीच्या गावात मुलगी जगली, तिचं नाव.

त्यानंतरचा काळ सोपा नव्हता. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं तिला बोलावणं आलं नाही. देवळात शास्त्रीणबाई समोरून आल्या तर पदर सावरून वळून जात. वाईहून वर्षभर पत्र नव्हतं, आणि त्या गप्पपणाचा सल सगळ्यात जास्त होता. पण ती घरात कोंडून बसली नाही. रोज अंबेला कडेवर घेऊन बाहेर पडे. पाणवठ्यावर जाई, बाजारात जाई, नवीन कुणी बाई गावात आलेली दिसली की गोडं पाणी कुठे आणि भाजी कुठे ते थांबून सांगे. मोरोपंतांकडे खेड्यांतले शेतकरी जास्तच येऊ लागले. ही बाई आपल्याकडचं जेवली, एवढी बातमी त्यांना पुरली होती.

मग अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. कालपर्यंत पेढीवर बसणारे व्यापारी आज दिसेनासे झाले. जसे आले तसे कित्येक बाहेरगावचे लोक गाशा गुंडाळून निघाले. एकट्या कारकुनांचं बिऱ्हाडही उठलं. खटले कमी झाले. मोरोपंतांनी एके दिवशी जेवताना विषय काढला. आता तर रेल्वेही बडनेऱ्यापर्यंत येऊ घातली होती, परत जाणं पूर्वीसारखं हालाचं नव्हतं. दगडांचा रस्ता आता आडवा येणार नाही, ते म्हणाले.

"रस्त्याच्या भीतीनं मी तेव्हा राहिले," सत्यवती म्हणाली. "आता भीती नाही, आणि राहायचं आहे. भाव पडला म्हणून शेतं कुठे जात नाहीत. ज्यांची शेतं आहेत ते भांडतीलच, आणि तुमच्याकडेच येतील. वाईत मला सगळं आयतं मिळालं होतं. इथलं एकेक माणूस मी जोडलंय. ते टाकून मी जाणार नाही."

मोरोपंतांनी ताटातला भात संपवला आणि मान हलवली. त्यानंतर हा विषय निघाला नाही.

त्या मार्गशीर्षात एका दुपारी शास्त्र्यांची सून मागच्या दारानं आली. तिला सहावा लागला होता. तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी त्यांना बाजेला खिळवलं होतं. ती बराच वेळ अंबेशी खेळत बसली. मग खाली पाहत म्हणाली, ती लीलाबाई माझ्यासाठी येईल का? आणि सुईण? तुम्ही त्यांना सांगाल का?

सत्यवतीच्या मनात वर्षभराची पाठ फिरवणं क्षणभर उसळून आलं. पण समोरची पोर घाबरलेली होती, आणि ती भीती तिला चांगली ओळखीची होती. "मी सांगून चालणार नाही," ती म्हणाली. "त्यांच्या ओसरीवर तू स्वतः चल, पुढच्या दारानं. मी बरोबर येते."

त्या दोघी भर दुपारी गल्लीतून लीलाबाईच्या दारी गेल्या. गल्लीनं पाहिलं. घरी गेल्यावर सुनेला काय ऐकावं लागलं ते तिनं कधी सांगितलं नाही, पण फाल्गुनात तिला मुलगा झाला तेव्हा लीलाबाई शास्त्र्यांच्या माजघरात होती आणि शास्त्री ओसरीवर डोळे मिटून जप करत होते. स्वयंपाक त्या वेळी सत्यवतीनं केला. कुणी तिला नको म्हटलं नाही, या म्हणूनही म्हटलं नाही. ती गेली, चूल पेटवली आणि भात टाकला.

पुढच्या वर्षी मोरोपंतांनी कोटाबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला जागा घेतली. गवंड्यानं दोरी मारली त्या दिवशी त्यांनी कचेरीची खोली कुठे, ओटा कुठे ते दाखवलं आणि मग सत्यवतीला विचारलं, तुझं काही आहे का. ती पदर खोचून उन्हात उतरली. पूर्वेकडच्या कोपऱ्यात, जिथे सकाळचं ऊन येणार होतं, तिथे तिनं चुन्यानं रेघ ओढली आणि बाळंतिणीची खोली इथे म्हणून सांगितलं. गवंडी म्हणाला, घरात एकच बाई, एवढी मोठी खोली कशाला?

"गावात अजून पुष्कळ येतील," सत्यवती म्हणाली, आणि दोन बाजा मावतील एवढी जागा तिनं पावलांनी मोजून दिली.